ब्लॅकफूट लोकांचा अभ्यास सोलापुरातून कसा करावा

उत्तर अमेरिकेतील ब्लॅकफूट लोकांचा इतिहास, संस्कृती आणि भाषा यांचा अभ्यास करायचा असेल, तर पहिले पुस्तक उघडण्याआधी एक कोरी वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर त्या लोकांनी स्वतःला दिलेली नावे लिहावीत. सोलापुरातील आमचे सात-आठ जणांचे अभ्यासमंडळ गेली दोन वर्षे रविवारी सकाळी बसून हा विषय वाचत आहे. सुरुवातीला आम्ही थेट इतिहासाला हात घातला होता, आणि तीन महिन्यांनी टिपणे चाळताना लक्षात आले की आमच्या वहीत व्यापारी बोलत होते, सैन्याधिकारी बोलत होते, धर्मप्रचारक बोलत होते. ज्यांच्याविषयी वाचायला बसलो त्यांचे एकही वाक्य तिथे नव्हते. म्हणून आम्ही क्रम बदलला. आधी नावे, मग भाषा आणि त्यानंतर इतिहास, असा तो क्रम आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने तोच धरावा असे मला मनापासून वाटते.

नावे आणि नकाशा

'ब्लॅकफूट' हे 'सिक्सिका' या शब्दाचे भाषांतर आहे. 'सिक्सि' म्हणजे काळा आणि 'का' म्हणजे पाय. गवताच्या वणव्याच्या राखेने त्यांची कातडी पायताणे काळी झाली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. परंतु सिक्सिका हे चार राष्ट्रांपैकी एकाच राष्ट्राचे नाव आहे. दुसरे काइनाइ, म्हणजे 'अनेक प्रमुख असलेले'. इंग्रजी कागदपत्रांत हेच लोक 'ब्लड' या नावाने येतात. उरलेली दोन राष्ट्रे पिकानींची आहेत: उत्तरेकडचे पिकानी कॅनडात आणि दक्षिणेकडचे आम्स्कापिपिकानी अमेरिकेच्या माँटाना राज्यात राहतात. चौघे मिळून स्वतःला 'नीत्सितापी', म्हणजे 'खरी माणसे', असे म्हणतात. केवळ ही भाषा बोलणाऱ्यांचा उल्लेख करायचा असेल तर 'सिक्सिकाइत्सितापी' असा शब्द आहे. माँटानातील राष्ट्राचे अधिकृत इंग्रजी नाव 'ब्लॅकफीट' आहे, तर कॅनडात 'ब्लॅकफूट' रूढ आहे, त्यामुळे शोध घेताना दोन्ही रूपे वापरावी लागतात. लाकोटा या उत्तर अमेरिकेतील दुसऱ्या लोकांमध्येही 'सिहासापा' नावाचा एक गट आहे आणि त्याच्या नावाचा अर्थही 'काळे पाय' असाच होतो. तो गट निराळा आहे, त्याची भाषाही निराळ्या कुळातली आहे. आमची एका बैठकीची टिपणे या गोंधळापायी फुकट गेली होती.

त्यांच्यासाठी मराठीत कोणता शब्द वापरावा, हेही पहिल्याच दिवशी ठरवावे. 'रेड इंडियन' हा शब्द सोडून द्यावा. 'आदिवासी' या शब्दाला आपल्याकडे राज्यघटनेचे आणि अनुसूचित जमातींचे स्वतंत्र संदर्भ आहेत, त्यामुळे तो तिथे जसाच्या तसा बसत नाही. 'टोळी' हा शब्द जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास आढळतो, पण सोलापूरकराने तरी तो हातात घेताना थांबावे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली माणसांच्या अख्ख्या जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांना आपल्याच शहरात तारेच्या कुंपणाआड ठेवून हजेरी द्यायला लावले गेले, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाल्यावरही 'सेटलमेंट' हे नाव त्या वस्तीला चिकटून राहिले. सरकारी दप्तरातला एक शब्द किती पिढ्या पाठीवर वाहावा लागतो, हे या शहरात दुसऱ्या कोणी येऊन सांगण्याची गरज नाही. आम्ही 'राष्ट्र' हा शब्द वापरतो, कारण ते लोक स्वतःला राष्ट्र म्हणवतात आणि त्यांच्याशी झालेले करार दोन राष्ट्रांमध्ये होतात त्या प्रकारचे होते.

वहीच्या दुसऱ्या पानावर नकाशा हाताने काढावा. उत्तरेला नॉर्थ सॅस्कॅचेवान नदी, दक्षिणेला यलोस्टोन नदी, पश्चिमेला रॉकी पर्वत, ज्याला ते 'जगाचा कणा' म्हणतात, आणि पूर्वेला कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातील वाळूच्या टेकड्या, जिथे मृत माणसे जातात अशी त्यांची श्रद्धा आहे. या चार खुणांमध्ये त्यांचा मूळ प्रदेश येतो. मग ४९व्या अक्षांशावरची कॅनडा आणि अमेरिका यांची सीमा वेगळ्या रंगाने आखावी, म्हणजे ती रेषा एकाच लोकसमूहाच्या मधून कशी गेली आहे ते दिसेल. शेवटी आजच्या राखीव भूमी दाखवाव्यात: कॅल्गरीच्या पूर्वेला सिक्सिका, ब्रॉकेटजवळ पिकानी, स्टँड ऑफ हे मुख्य ठिकाण असलेली काइनाइंची भूमी, जी क्षेत्रफळाने कॅनडातील सर्वांत मोठी राखीव भूमी आहे, आणि माँटानात ब्राउनिंग हे केंद्र असलेली ब्लॅकफीट भूमी.

हा प्रदेश म्हणजे गवताळ माळ. ज्याने नान्नजच्या माळढोक अभयारण्यात उभे राहून क्षितिजापर्यंत गवत पाहिले आहे, त्याला त्या मोकळेपणाची कल्पना येऊ शकेल, परंतु हवामानाच्या बाबतीत ही तुलना तिथेच थांबवावी. ब्राउनिंग येथे जानेवारी १९१६ मध्ये २४ तासांत तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसवरून उणे ४९ अंशांपर्यंत घसरल्याची नोंद आहे. ज्यांच्या कालगणनेत वर्षाला 'हिवाळा' म्हणतात, त्यांनी तसे का म्हणावे हे त्या आकड्यावरून कळते.

भाषेतून आत जाणे

भाषेला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो सत्कारणी लागला. ब्लॅकफूट भाषा अल्गोंक्वियन कुळातील आहे. क्री आणि ओजिब्वे या तिच्या नात्यातल्या भाषा आहेत, पण त्या कुळात ब्लॅकफूट सर्वांत दूर गेलेली मानली जाते. आज प्रचलित असलेल्या लेखनपद्धतीत केवळ बारा रोमन अक्षरे आणि एक स्वल्पविरामासारखे चिन्ह आहे. स्वर तीनच: आ, इ, ओ. ब, द, ग, र, ल हे ध्वनी या भाषेत नाहीत. प, त, क यांचा उच्चार महाप्राणाशिवाय, आपल्या मराठी प, त, क यांच्यासारखा होतो, त्यामुळे इंग्रजी भाषकाला जिथे सराव करावा लागतो तिथे आपली जीभ आपोआप बरोबर जाते. क किंवा त यांच्या आधी येणारा ह घशात घासून उच्चारतात. उर्दू बोलणारा सोलापूरकर 'खबर' या शब्दातला पहिला ध्वनी जसा काढतो त्याच्या जवळ तो जातो. ते स्वल्पविरामासारखे चिन्ह आले की आवाज क्षणभर गळ्यातच अडवायचा असतो. स्वरांचे ह्रस्व-दीर्घ पाळावेच लागते, आणि शब्दाच्या शेवटचा स्वर पुष्कळदा कुजबुजल्यासारखा येतो, म्हणून ध्वनिमुद्रण ऐकताना शब्द अर्धाच म्हटला असे वाटले तरी तो पूर्ण असतो.

शब्द उतरवून घेताना मूळ रोमन रूप आधी लिहावे आणि देवनागरी रूप उच्चाराच्या आधारापुरतेच शेजारी लिहावे. आम्ही फक्त देवनागरीत लिहीत गेलो, आणि पुढे शब्दकोशात तेच शब्द शोधताना ह्रस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे कोणालाच आठवेना. या लेखात मी देवनागरी वापरली आहे, पण वहीत तसे करू नये.

पहिला धडा 'आम्ही' आणि 'आपण' यांचा घ्यावा. ब्लॅकफूट भाषेत ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' म्हणायचे असेल तर 'नीस्तोन्नान' आणि त्याला धरून 'आपण' म्हणायचे असेल तर 'क्सीस्तोन्नोन' म्हणतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागतो. मराठी माणसाला तो आईच्या मांडीवर कळलेला असतो, आणि सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली घरांत तेलुगू बोलणाऱ्यांना 'मेमु' आणि 'मनम्' या जोडीमुळे तो तितकाच सहज कळतो. आमच्या मंडळातील कन्नड बोलणाऱ्या सदस्याला मात्र 'नावु' हा एकच शब्द ठाऊक होता, आणि त्याला हा भेद शेजारी बसलेल्या तेलुगू सदस्याने स्वतःच्या घरची वाक्ये सांगून समजावला. करारांचा इतिहास वाचताना हा भेद पुन्हा कामाला येतो, कारण 'आपली भूमी' आणि 'आमची भूमी' यांत जे अंतर आहे ते इंग्रजी मसुद्यात उतरूच शकत नाही.

दुसरा धडा सजीव आणि निर्जीव नामांचा. या भाषेत पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. नामे व्याकरणाने सजीव किंवा निर्जीव असतात, आणि त्यानुसार अनेकवचनाला 'इक्सि' किंवा 'इस्त्सि' असा प्रत्यय लागतो. 'इमिता' म्हणजे कुत्रा. अनेक कुत्रे म्हणजे 'इमिताइक्सि'. गंमत अशी की सुरी आणि चेंडू हीदेखील व्याकरणाने सजीव नामे आहेत. यावरून 'हे लोक सुरीला जिवंत मानतात' असा निष्कर्ष लगेच काढू नये. मराठीत चाकू तो, सुरी ती आणि पाते ते असते, म्हणून कोणी चाकूला पुरुष समजत नाही. व्याकरणातून तत्त्वज्ञान काढण्याचा मोह या विषयावरच्या लेखनात वारंवार दिसतो आणि मराठीच्या तीन लिंगांत वाढलेल्या वाचकाने तरी त्याला बळी पडू नये.

तिसरा धडा नात्यांचा आहे. 'नितान' म्हणजे माझी मुलगी, 'कितान' म्हणजे तुझी मुलगी; पण कोणाचीही नसलेली नुसती 'मुलगी', या नात्याच्या अर्थाने, म्हणताच येत नाही. नात्याचा शब्द कोणाच्या तरी नावे बांधूनच उच्चारावा लागतो. 'नि' म्हणजे माझे आणि 'कि' म्हणजे तुझे, एवढे ध्यानात ठेवले की शब्दकोश उघडताना निम्मी अडचण दूर होते, कारण शब्दाच्या पुढे लागलेले हे अंश काढून मगच मूळ शोधावे लागते.

चौथा धडा एका शब्दाचा आहे आणि त्यात इतिहासाचे एक अख्खे पान दडलेले आहे. घोड्याला 'पोनोकाओमिता' म्हणतात. 'पोनोका' म्हणजे एल्क हे सांबरापेक्षा मोठे हरीण, आणि 'इमिता' म्हणजे कुत्रा. घोडा येण्याआधी या लोकांचे ओझे कुत्रे वाहत असत. दोन काठ्यांची घसरण कुत्र्याच्या पाठीला बांधून तिच्यावर तंबूचे सामान लादले जाई. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात घोडा आला, तेव्हा कुत्र्याचे काम करणारा आणि एल्कएवढा मोठा असा हा प्राणी त्यांनी आपल्याच जुन्या शब्दांतून घडवून घेतला, जशी आपण आगगाडी आणि आगबोट घडवली. असे शब्द सापडतील तसे वहीत वेगळ्या पानावर जमवत जावे.

ऐकण्यासाठी साहित्य पुरेसे आहे. ब्लॅकफूट भाषेचा ध्वनिमुद्रणांसह डिजिटल शब्दकोश उपलब्ध आहे, तर डोनाल्ड फ्रँट्झ आणि नॉर्मा जीन रसेल यांनी सिद्ध केलेला छापील कोश १९८९ पासून अभ्यासकांच्या हाती आहे. जानेवारी २०२४ मध्ये ब्राउनिंगच्या राखीव भूमीत वाढलेल्या अभिनेत्री लिली ग्लॅडस्टोन यांनी गोल्डन ग्लोब पुरस्कार स्वीकारताना सुरुवातीची वाक्ये ब्लॅकफूट भाषेत म्हटली. ती पुन्हा पुन्हा ऐकावीत. अभिवादनाचा 'ओकी' हा शब्द तिथे स्पष्ट ऐकू येतो. 'ओकी, नितानिक्को' असे म्हणून पुढे आपले नाव सांगितले की 'नमस्कार, मला अमुक म्हणतात' हे वाक्य पूर्ण होते, आणि आमची प्रत्येक बैठक याच वाक्याने सुरू होते.

मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या त्यांना ही भाषा बोलण्याबद्दल शिक्षा झाली, हे ऐकताना विसरू नये. १९८७ मध्ये डॅरेल किप यांनी सहकाऱ्यांसह ब्राउनिंग येथे पिएगन इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि पुढे मुलांना केवळ ब्लॅकफूट भाषेतून शिकवणारी शाळा काढली. आज जे ध्वनिमुद्रण आपण घरबसल्या ऐकतो, त्याच्यामागे अशा माणसांनी खर्ची घातलेले आयुष्य आहे.

सालांची दोरी

इतिहासाकडे वळताना तारखांचा तक्ता करू नये. ब्लॅकफूट लोकांची स्वतःची पद्धत वापरावी. प्रत्येक हिवाळ्याला त्या वर्षीच्या एका घटनेचे नाव द्यायचे आणि ती घटना कातड्यावर चित्राने नोंदायची, अशी त्यांची रीत होती. काइनाइंचे बॅड हेड आणि पिकानींचे बुल प्लूम यांनी राखलेल्या अशा गणना आजही अभ्यासता येतात. ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. सोलापुरातल्या म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल विचारले तर 'प्लेगच्या सालचा', 'मार्शल लॉच्या आधीचा', 'बहात्तरच्या दुष्काळातला' अशीच उत्तरे मिळत आली आहेत. आधी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसून दहा सालांची अशी नावे लिहून घ्यावीत. १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे त्यात हमखास येतील, पण शेजारच्या विहिरीला पाणी लागल्याचे सालही येईल. मोठे साल आणि लहान साल एकाच रांगेत का बसते, हे तेव्हा समजू लागते, आणि मग बॅड हेडची गणना वाचावी.

त्यानंतर आपल्या वहीत त्यांच्या सालांची दोरी विणत जावे. पहिली गाठ घोड्याची. १७८७-८८ च्या हिवाळ्यात डेव्हिड थॉम्पसन हा तरुण व्यापारी पिकानींच्या छावणीत साउकामापी नावाच्या वृद्धाच्या तंबूत राहिला, आणि त्या वृद्धाने त्याला सांगितले की पहिला घोडा मेलेल्या अवस्थेत पाहायला मिळाला तेव्हा त्याला काय म्हणावे हे कोणाला कळेना. मग कुत्र्यासारखा तो माणसाची चाकरी करतो म्हणून त्याला 'मोठा कुत्रा' म्हटले. दुसरी गाठ १७८१ ची. तीही साउकामापीनेच सांगितली आहे. पिकानींनी पहाटे शत्रूच्या छावणीवर हल्ला केला, सुऱ्यांनी तंबू फाडले, आणि आत लढायला कोणी नव्हते. देवीच्या रोगाने मेलेली आणि मरू घातलेली माणसे होती. तो रोग मग त्यांच्याही छावणीत आला आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे एक तृतीयांश माणसे गेली. हा वृत्तान्त वाचताना शेजारी समासात लिहावे की बोलणारा जन्माने क्री होता, ऐकणारा इंग्रज होता, आणि ऐकणाऱ्याने हे सविस्तर लिहून काढले ते म्हातारपणी. तरीही ही साक्ष फार मोलाची आहे, असे माझे मत आहे.

१८०१ साली आक्को मोक्की या सिक्सिका प्रमुखाने पीटर फिडलर या सर्वेक्षकासाठी काढलेला नकाशा मिळवून आपल्या हाताने काढलेल्या नकाशाशेजारी ठेवावा. मिसूरी नदीच्या उगमाकडचे प्रवाह आणि रॉकी पर्वताची रांग त्यात आहे, आणि युरोपीय नकाशाकारांनी ती माहिती पुढे आपल्या नकाशांत घेतली.

पुढच्या गाठी जड आहेत. १८३७ मध्ये पुन्हा देवी. १८६९-७० मध्ये तिसऱ्यांदा देवी, आणि तीच साथ छावणीत असताना २३ जानेवारी १८७० रोजी माँटानातील मरायस नदीकाठी मेजर युजीन बेकर याच्या सैन्याने हेवी रनर या प्रमुखाच्या वस्तीवर पहाटे गोळीबार केला. ही वस्ती ते शोधत असलेली नव्हे, असे वाटाड्या जो किप याने ओरडून सांगितले होते. सैन्याने मृतांचा आकडा १७३ दिला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. या पानावर आम्ही दुसरे काही लिहिले नाही.

२२ सप्टेंबर १८७७ ची गाठ सावकाश सोडवावी. बो नदीकाठी ब्लॅकफूट क्रॉसिंग येथे सिक्सिकांचे प्रमुख क्रोफूट, काइनाइंचे रेड क्रो आणि इतरांनी ब्रिटिश राजसत्तेशी करार केला; कॅनडातील अशा क्रमांकित करारांपैकी हा सातवा. इंग्रजी मसुद्यात भूमीवरील हक्क सोडून दिल्याचे लिहिले आहे. वडीलधाऱ्यांच्या मौखिक परंपरेत मात्र तो शांततेचा आणि भूमी वाटून वापरण्याचा करार होता. ती देऊन टाकण्याची गोष्ट तिथे झालीच नाही. मसुदा आणि मौखिक साक्ष वहीच्या समोरासमोरच्या पानांवर उतरवाव्यात. त्या दिवशी दुभाषांनी 'सोडून देणे' हे कोणत्या शब्दाने सांगितले असेल, असा प्रश्न भाषेचे धडे झालेल्या वाचकाला आपोआप पडतो. आमच्याकडे ज्यांच्या आजोबांनी अंगठा उठवून जमिनीचे कागद केले, त्यांना हा प्रश्न समजावून द्यावा लागला नाही.

१८८३-८४ चा उपासमारीचा हिवाळा त्यानंतर येतो. ज्यांच्या शिकारीवर हे लोक जगत ते बायसन, म्हणजे गुरांच्या कुळातले मोठे रानटी प्राणी, संपले होते, सरकारी शिधा पोहोचला नाही, आणि माँटानात सुमारे ६०० पिकानी भुकेने मेले. १८९५ मध्ये याच राष्ट्राकडून पर्वताचा पट्टा १५ लाख डॉलरना घेतला गेला आणि १९१० मध्ये तिथे ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झाले. कॅनडात त्याच काळात राखीव भूमीबाहेर पाऊल टाकायचे तर अधिकाऱ्याचा पास लागे, आणि कायद्याने धार्मिक विधींवर घातलेली बंदी १९५१ पर्यंत टिकली. हजेरीच्या वहीचा उल्लेख मी वर केला आहे. दोन्ही व्यवस्था एकसारख्या नव्हत्या, म्हणून तुलना लिहिताना कुंपण, पास, हजेरी, शिधा असा एकेक घटक वेगळा करून लिहावा.

बायसन, तंबू आणि हात न लावण्याच्या गोष्टी

बायसनला 'ईनी' म्हणतात. मराठीत त्याला म्हैस किंवा रेडा लिहू नये, गवाही लिहू नये. हे तिन्ही प्राणी वेगळे आहेत. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील फोर्ट मॅक्लाउडजवळ 'डोके फुटले ती जागा' अशा अर्थाच्या नावाचा एक कडा आहे. सुमारे ६,००० वर्षे तिथे बायसनची शिकार झाली, आणि १९८१ पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे. शिकारीची रीत अभ्यासण्यासारखी आहे: मैलोगणती दगडांच्या लहान ढिगांच्या दोन रांगा कड्याकडे निमुळत्या होत जातात, पुढे धावणारे तरुण कळपाला भुलवत आणतात, बाजूने माणसे उठून कळप आवळतात, आणि मागून येणाऱ्या जनावरांच्या रेट्याने पुढची जनावरे थांबू शकत नाहीत. कड्याखाली हाडांचे थर सुमारे ११ मीटर खोल आहेत. गुरे हाकलण्याचा अनुभव असलेल्या एखाद्या शेतकऱ्याला हे वर्णन वाचून दाखवावे. आमच्या मंडळात पुस्तकापेक्षा अशा शेतकऱ्याने विचारलेल्या वाऱ्याच्या दिशेच्या प्रश्नाने जास्त समजले. २०१४ मध्ये ब्राउनिंग येथे अनेक राष्ट्रांनी बायसन परत आणण्याचा करार केला आणि २०१६ मध्ये कॅनडातील एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानातून वासरे ब्लॅकफीट भूमीत आणली गेली, ही नोंदही त्याच पानावर यावी.

तंबूंविषयी वाचताना एक बांधणीचा तपशील पाहावा: ब्लॅकफूट तंबूचा पाया चार खांबांचा असतो, तर लाकोटांचा तीन खांबांचा. जुन्या छायाचित्रात तंबू कोणाचा हे त्यावरून ओळखता येते. रंगवलेल्या तंबूंवरची चित्रे मात्र शोभेची नसतात. ती स्वप्नात मिळालेली असतात, त्यांचा हक्क विशिष्ट व्यक्तीकडे असतो आणि तो विधिपूर्वकच दुसऱ्याकडे जातो. म्हणून प्रदर्शनासाठी ती उतरवून घेऊ नयेत, चादरीवर किंवा टॉवेलवर नक्षी म्हणून तर मुळीच विणू नयेत. हे मी सोलापुरात आवर्जून लिहितो, कारण इथे चांगली नक्षी दिसली की हात मागाकडे वळतो. पिसांचे शिरोभूषण घालून मुलांना स्नेहसंमेलनात उभे करू नये. विधींसाठी जपून ठेवलेल्या पवित्र गाठोड्यांतील वस्तूंची छायाचित्रे जुन्या ग्रंथांत सापडतात. ती मंडळात फिरवू नयेत. अशा वस्तू परत मिळवण्यासाठी या लोकांनी दशके खर्च केली आहेत, अल्बर्टात २००० साली त्यासाठी कायदा झाला, आणि क्रोफूट यांचा पोशाख इंग्लंडमधील एक्सेटरच्या संग्रहालयातून २०२२ मध्ये सिक्सिकांकडे परत आला.

वाचनात ब्लॅकफूट लेखकांना पहिले स्थान द्यावे. जेम्स वेल्श यांची कादंबरी, पर्सी बुलचाइल्ड यांनी सांगितलेल्या कथा, बेव्हर्ली हंग्री वुल्फ यांनी लिहिलेले आज्यांचे जग, बेट्टी बास्टिएन आणि रोझलिन लापिएर यांचे संशोधन, हे आधी. विसाव्या शतकाच्या आरंभीचे बाहेरून आलेले संग्राहक नंतर. त्या संग्राहकांतही क्लार्क विस्लर यांच्या नावाशेजारी डेव्हिड डुव्हाल हे नाव नेहमी घ्यावे, कारण पिकानी आईचा हा मुलगा घरोघर जाऊन कथा गोळा करून भाषांतरित करत होता. तिकडच्या सामुदायिक महाविद्यालयांची व्याख्याने थेट ऐकायची असतील तर घड्याळाचा हिशेब सोपा आहे: आपण हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा तास पुढे असतो, म्हणजे तिथले संध्याकाळचे व्याख्यान आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी येते.

आकाशाचे पान

वहीचे शेवटचे पान आकाशासाठी ठेवावे. रंगवलेल्या तंबूच्या वरच्या काळ्या पट्ट्यावर एका बाजूला सप्तर्षी आणि दुसऱ्या बाजूला कृत्तिका काढलेल्या असतात. त्यांच्या प्रदेशात सप्तर्षी कधीच मावळत नाहीत, म्हणून रात्रीचा प्रहर त्यांवरून ओळखता येतो. सोलापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असल्याने सप्तर्षी मावळतात. कृत्तिका मात्र दोन्हीकडे सारख्याच पाहता येतात. ब्लॅकफूट कथेनुसार ही सहा गरीब मुले आहेत. वसंतात बायसनची वासरे पिवळसर तांबूस असतात, त्यांच्या कातड्याची पांघरुणे इतर मुलांना मिळाली, यांना मिळाली नाहीत, आणि त्या लाजेने ती आकाशात निघून गेली. म्हणून वासरे पिवळी असतात त्या दिवसांत ती दिसत नाहीत. आपल्याकडेही कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या कृत्तिका सहाच आहेत, आणि मे महिन्यात सूर्य कृत्तिका नक्षत्रात येतो असे पंचांग सांगते, म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत त्या दिसेनाशा होतात.

डिसेंबर-जानेवारीत शहराच्या दिव्यांपासून दूर माळावर जाऊन रात्री डोक्यावर आलेल्या कृत्तिका पाहाव्यात आणि ही कथा तिथे मोठ्याने वाचावी. एप्रिलमध्ये त्या पश्चिमेला खाली उतरताना पाहाव्यात. मग मृग निघाल्यानंतर, ढग नसतील अशा पहाटे पूर्वेला त्या पहिल्यांदा पुन्हा दिसतील, ती तारीख वहीत लिहावी.